गुडघ्याचा एमआरआय ८ मिनिटांत होतो, पण त्यावर रिपोर्ट द्यावा का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही सोलापुरातल्या एका सेंटरवर एमआरआय टेक्निशियन आहात. मशीनचं सॉफ्टवेअर अपग्रेड झालं आणि गुडघ्याचा जो स्कॅन २० मिनिटं चालायचा तो आता ८ मिनिटांत उरकतो. फोटो पूर्वीपेक्षा स्वच्छ दिसतात. कंपनीकडून आलेला माणूस एसएसआयएम (दोन फोटो किती जुळतात ते सांगणारा आकडा, जास्तीत जास्त १) ०.९५ च्या वर असल्याचं सांगून गेला, रिपोर्ट करणाऱ्या मॅडम म्हणतात फोटो प्लास्टिकसारखे वाटतात, आणि मालक रोजचे पेशंट वाढवा म्हणतात. तिघांपैकी कोणाचं खरं धरायचं?

मी इथेच सोलापुरात २२ वर्षं रेडिओलॉजी करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

तिघंही आपापल्या जागी खरं बोलतायत, पण तिघांनी वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली आहेत. कंपनीचा माणूस सांगतो की नवा फोटो मूळ फोटोशी किती जुळतो. मॅडम सांगतात की तो त्यांच्या डोळ्यांना कसा दिसतो. मालक वेळ सांगतात. या फोटोवरून त्या पेशंटचा रिपोर्ट तोच येईल का आणि त्याच्यावरचा उपचार तोच ठरेल का, हे मात्र कोणीच विचारलेलं नाही. त्याचं उत्तर शरीराचा भाग, मशीनची ताकद, कॉइल (शरीराभोवती लावायचा, सिग्नल पकडणारा भाग), वेग किती पटीने वाढवला आणि आपण कुठला आजार शोधतोय, या सगळ्यावर अवलंबून आहे. त्यामुळे तुमचं मशीन न बघता मी ‘बिनधास्त वापरा’ किंवा ‘बंद करा’ असं काहीच म्हणणार नाही. हे तुमचं तुम्हाला कसं ठरवता येईल, तेवढं सांगतो.

आधी वेळ कुठून वाचतो ते बघू. गुडघ्याचा एक साधा सिक्वेन्स, म्हणजे स्कॅनमधला फोटोंचा एक संच, घ्या. टीआर, म्हणजे माहिती घेण्याच्या एका फेरीचा वेळ, ३ सेकंद, फेज दिशेला माहितीच्या ३२० ओळी, एका टीआरमध्ये ८ ओळी भरल्या जातात आणि सगळं दोनदा घेऊन सरासरी काढली जाते. ३ गुणिले ३२० गुणिले २, भागिले ८, म्हणजे २४० सेकंद, ४ मिनिटं. निम्म्या ओळी गाळल्या तर २ मिनिटं, चारातली एकच घेतली तर साधारण १ मिनिट. मधल्या काही ओळी जुळणीसाठी पूर्ण घ्याव्या लागतात, म्हणून प्रत्यक्षात थोडं जास्त. मशीन काही जोरात पळत नाही. ते कमी माहिती गोळा करतं आणि उरलेली गणिताने भरून काढतं.

आपल्या गावात हे समजवायला चादरीचं उदाहरण बरं पडतं. मागावर बाण्याचा एक धागा चुकला की चादरीत त्या एकाच जागी फट दिसते, बाकी चादर शाबूत असते. एमआरआयच्या के-स्पेसमधली, म्हणजे कच्च्या माहितीच्या तक्त्यातली, ओळ तशी नसते. ती एकच ओळ थोडी थोडी सगळ्या फोटोत पसरलेली असते. त्यामुळे ओळी गाळल्या की फोटोत फट पडत नाही. सगळा फोटो स्वतःवरच दुमडल्यासारखा होतो किंवा धूसर होतो, आणि नेमकं काय गेलं ते बोट ठेवून दाखवता येत नाही. म्हणून या फोटोंची पारख चादरीसारखी नुसती उजेडात धरून होत नाही.

भरून काढायच्या पद्धती तीन आणि तिघींच्या खोडी वेगळ्या. पॅरलल इमेजिंग सगळ्यात जुनी, तिचे दोन प्रकार, सेन्स १९९९ चा आणि ग्रापा २००२ चा. कॉइलचा प्रत्येक तुकडा शरीराकडे वेगळ्या बाजूने बघतो, त्या फरकावरून दुमडलेला फोटो उलगडला जातो. किंमत नॉइजमध्ये, म्हणजे फोटोतल्या दाण्यांत, मोजावी लागते. वेग चौपट केला की सिग्नल आणि नॉइजचं गुणोत्तर निम्म्यावर तरी येतंच, आणि कॉइलच्या रचनेनुसार त्याहून खाली जातं. ही जास्तीची घसरण सगळीकडे सारखी नसते. जिथे कॉइलच्या तुकड्यांना एकमेकांतला फरक कमी कळतो, म्हणजे बहुतेक वेळा अगदी मधोमध, तिथे ती सर्वात जास्त. कॉम्प्रेस्ड सेन्सिंग एमआरआयमध्ये २००७ पासून चर्चेत आलं. त्यात ओळी विखरून गाळतात. जास्त ताणलं की बारीक पोत पुसला जातो आणि फोटो तैलचित्रासारखा दिसतो. तिसरी पद्धत तुमच्याकडे आलेली, डीप लर्निंगची. एआयआर रिकॉन डीएल, डीप रिझॉल्व्ह, स्मार्टस्पीड अशा नावांनी ती २०२० च्या आसपासपासून मोठ्या कंपन्यांच्या मशीनवर दिसू लागली. हजारो फोटोंवरून शिकलेलं संगणकाचं जाळं (न्यूरल नेटवर्क) नॉइज काढतं आणि कडा रेखीव करतं.

माझ्या मते खरी मेख या तिसऱ्या पद्धतीत आहे आणि ती नीट समजून घ्या. इतकी वर्षं नॉइज हा आमचा प्रामाणिक इशारा होता. फोटोत दाणे दिसले की रेडिओलॉजिस्ट आपोआप सावध व्हायचा, ‘मर्यादित तपासणी’ असं लिहायचा किंवा तुम्हाला सिक्वेन्स परत घ्यायला सांगायचा. आता माहिती कमी पडली तरी फोटो स्वच्छच येतो. इशारा गेला, कमतरता तशीच राहिली. मॅडमना जे ‘प्लास्टिक’ वाटतं ते कदाचित हेच असेल. कदाचित नुसती सवयही असेल, कारण दाणेदार फोटोंवर वाढलेल्या डोळ्याला गुळगुळीत फोटो सुरुवातीला खोटाच वाटतो. मलाही वाटला होता. दोन्हींतलं काय खरं, ते तपासल्याशिवाय कळत नाही.

इशारा दिसूनही माणूस चुकतो, हे मी स्वतः अनुभवलं आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी मी ज्या सेंटरला रिपोर्ट करायचो तिथे जुन्या, थोड्याच तुकड्यांच्या गुडघ्याच्या कॉइलवर पॅरलल इमेजिंग तिपटीपर्यंत वाढवलं होतं. पन्नाशीच्या एका बाईंचा गुडघा आला. मधोमध दाणे होते, पण बाकी फोटो चांगला म्हणून मी मेनिस्कस (गुडघ्यातली गादी) शाबूत असल्याचं लिहिलं. दुखणं थांबेना म्हणून पुढे दुर्बिणीने बघितलं, तेव्हा सर्जनना मीडियल, म्हणजे आतल्या बाजूच्या, मेनिस्कसचं मागचं मूळ उखडलेलं दिसलं. ते मूळ गुडघ्याच्या मागे, मध्याजवळ हाडाला चिकटतं, म्हणजे बरोबर जिथे नॉइज सर्वात जास्त होता तिथे. मांडी घालून बसणाऱ्या, सतत उठबस करणाऱ्या मध्यमवयीन बायकांमध्ये ही दुखापत आपल्याकडे बरीच आढळते. त्या बाईंचे मधले महिने माझ्या त्या एका ओळीमुळे वाया गेले. तेव्हापासून ‘एकंदर फोटो चांगला आहे’ या वाक्याला मी काही किंमत देत नाही. ज्या जागी आजार असणार, ती जागा चांगली दिसते का, एवढंच विचारतो.

आता एसएसआयएम. हा आकडा २००४ मध्ये सुचवला गेला, तो दोन फोटोंची रचना किती मिळतीजुळती आहे ते सांगतो. आकडा खोटा नाही, पण आपल्या कामाला अपुरा आहे. साधा हिशेब करा. ३२० गुणिले ३२० चा फोटो म्हणजे १,०२,४०० ठिपके. मेनिस्कसची बारीक चीर समजा २ ठिपके रुंद आणि १० ठिपके लांब, म्हणजे २० ठिपके. ती चीर अख्खी पुसली गेली तरी सरासरी आकड्याला धक्काही लागत नाही, कारण उरलेली मांडी, पोटरी, चरबी आणि काळी हवा मस्त जुळते. उलट मूळ फोटोच दाणेदार असेल तर नॉइज नीट काढणाऱ्या पद्धतीला कमी गुण मिळू शकतात. शिवाय तुलना करायला पूर्ण ओळींचा मूळ फोटो लागतो, आणि रोजच्या कामात तो आपल्याकडे नसतोच. तेव्हा त्या माणसाला पुढचे प्रश्न विचारा. हा आकडा कुठल्या अवयवाचा? किती पट वेगाचा? पूर्ण स्कॅन घेऊन नंतर संगणकावर ओळी गाळल्या होत्या, की पेशंट खरोखर वेगाने स्कॅन केला होता? पहिल्या प्रकारात पेशंटची हालचाल दोन्ही फोटोंत अगदी एकसारखी असते, म्हणून निकाल जरा जास्तच गोंडस येतो.

यावर बाहेर चांगलं काम झालं आहे. न्यू यॉर्क विद्यापीठ आणि फेसबुकच्या संशोधकांनी फास्टएमआरआय हा प्रकल्प २०१८ मध्ये सुरू केला आणि हजारो स्कॅनचा कच्चा डेटा सगळ्यांसाठी खुला केला. त्यातल्याच मंडळींनी २०२० मध्ये १०८ पेशंटच्या गुडघ्यांचा अभ्यास छापला. साधारण चौपट वेगाच्या डीप लर्निंग फोटोंवरून ६ रेडिओलॉजिस्टनी काढलेले निष्कर्ष नेहमीच्या फोटोंच्या जागी वापरता येण्याइतके जुळले. तिथेही ओळी नंतर गाळलेल्या होत्या, हे मात्र विसरू नका. त्याच वर्षी मेंदूच्या स्कॅनवर चौपट आणि आठपट वेगाची स्पर्धा झाली. तिथे रेडिओलॉजिस्टना काही फोटोंत मुळात नसलेल्या रचना उमटलेल्या दिसल्या, आणि एका कंपनीच्या मशीनवर शिकलेलं जाळं दुसरीच्या डेटावर अडखळतं हेही समोर आलं. म्हणून गुडघा चौपट वेगाने चालतो यावरून मेंदू आठपट वेगाने चालेल असं धरता येत नाही.

तुमच्या सेंटरवर काय कराल? मी दोन ठिकाणी हे करून घेतलं आहे. पेशंटची परवानगी घेऊन, टेबलावरून न उतरवता, एकाच वेळी जुना आणि नवा असे दोन्ही प्रोटोकॉल (स्कॅनच्या ठरलेल्या सेटिंग्ज) घ्या. कधी नवा आधी, कधी जुना आधी. नेहमी जुना शेवटी ठेवलात तर तोवर पेशंट कंटाळून हलायला लागतो आणि नवा फुकटात जिंकतो. फोटोंवरची प्रोटोकॉलची नावं झाका. मॅडमना एका पेशंटचे दोन्ही संच एकाच दिवशी देऊ नका, मध्ये तीन-चार आठवडे जाऊ द्या. ‘पाचपैकी किती गुण’ असं विचारू नका, कारण गुण देखणेपणाला मिळतात. मीडियल मेनिस्कस फाटलाय का, कुठे, कार्टिलेजला खड्डा आहे का, केवढा, एसीएल (गुडघ्यातला पुढचा अस्थिबंध) शाबूत आहे का, हाडात सूज आहे का, असे थेट प्रश्न एका कागदावर छापून घ्या.

मग उत्तरं जुळवताना एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. दोन संचांत काही ठिकाणी मतं बदलणारच. पण मॅडमनी जुनाच संच दोनदा वाचला असता तरी स्वतःशी काही ठिकाणी असहमत झाल्या असत्या, आणि दुसऱ्या डॉक्टरांशी तर नक्कीच. तेव्हा जुन्यावर दोन डॉक्टरांत जेवढा मतभेद होतो, त्यापेक्षा जुन्या-नव्यातला मतभेद जास्त आहे का, एवढं बघायचं. जिथे पुढे दुर्बिणीने ऑपरेशन झालं, तिथला सर्जनचा निष्कर्ष मागवून घ्या. त्याहून मोठा पुरावा नाही.

पेशंट निवडताना स्टाफमधल्या तरुण मुलांचे धडधाकट गुडघे घेऊ नका. ज्या गुडघ्यात काही बिघडलेलंच नाही, तिथे काय हरवलं ते कसं कळणार? जाड पेशंट घ्या, म्हातारे, दुखण्याने पाय स्थिर न ठेवू शकणारे, आत स्क्रू असलेले घ्या. आणि संख्येचं भान ठेवा. ३० पेशंटमध्ये एकही महत्त्वाची चूक सापडली नाही, तरी संख्याशास्त्राच्या साध्या नियमाने खरं चुकीचं प्रमाण १० टक्क्यांपर्यंत असू शकतं. ३०० झाले तर ते १ टक्क्याच्या आसपास येतं. म्हणून पहिल्या ३० वर पेढे वाटू नका, नोंदवही सुरू ठेवा.

कुठे वेग वाढवायचा आणि कुठे हात आखडायचा, याबद्दल माझी मतं ठाम आहेत. कंबरेच्या मणक्यात गादी सरकली का, नस दबली का, हे मोठ्या रचनांचं काम आहे, तिथे वेग बराच सोसतो. लकवा मारलेला, बेचैन पेशंट असेल तर लहान स्कॅन जवळजवळ नेहमीच बरा, कारण न हललेला साधारण फोटो हललेल्या उत्तम फोटोपेक्षा शंभर पटींनी उपयोगी. पण फिट येणाऱ्या पेशंटच्या मेंदूत मी घाई करत नाही. आपल्याकडे अशा मेंदूत एखादी छोटी गोल गाठ दिसते आणि ती फीतकृमीची की टीबीची हे ठरवायचं असतं. गाठीच्या आत कृमीच्या डोक्याचा तो एक ठिपका दिसला की निदान पक्कं होतं आणि उपचाराची दिशाच बदलते. तो ठिपका अवघा मिलिमीटरभराचा, आणि नॉइज काढणाऱ्या कुठल्याही पद्धतीला नॉइजसारखाच दिसू शकेल असा. तुमचं सॉफ्टवेअर कुठल्या देशातल्या, कोणत्या आजारांच्या स्कॅनवर शिकलं, हे कंपनीला लेखी विचारा. पिट्यूटरी ग्रंथीची बारीक गाठ आणि हिप्पोकॅम्पस (मेंदूतला स्मरणशक्तीचा भाग) याही बाबतीत मी जुन्याच वेगावर आहे.

रोजच्या कामात फोटो बघताना स्नायूंचा पोत आणि हाडाच्या आतली जाळी बघा. ती मेणासारखी सपाट झाली असेल तर नॉइज काढण्याची पातळी जास्त लावली आहे. बऱ्याच मशीनवर ही पातळी कमी-मध्यम-जास्त अशी बदलता येते आणि त्याच कच्च्या डेटावरून नवी पद्धत बंद ठेवूनही फोटो बनवता येतो. निदान एका सिक्वेन्सचे दोन्ही फोटो साठवून मॅडमना द्या. नव्यात रेखीव चीर आणि जुन्यात त्या जागी नुसते दाणे, असं दिसलं तर ती चीर दुसऱ्या दिशेच्या स्लाइसमध्ये शोधायची. तिथेही नसेल तर पेशंट टेबलावर असतानाच तेवढा सिक्वेन्स जुन्या पद्धतीने परत घ्यायचा. आपला पेशंट अक्कलकोट, तुळजापूर, इंडीहून एसटीने येतो. त्याला परत बोलावणं म्हणजे त्याची आणि सोबतच्या माणसाची एका दिवसाची मजुरी बुडवणं.

फोटोचा दर्जा बोलण्यातूनही सुधारतो. आपल्याकडे विणकर घरातल्या तेलुगू बोलणाऱ्या आजी येतात, सीमेपलीकडून कन्नड बोलणारे शेतकरी येतात. मराठीतलं ‘हलू नका’ हेडफोनच्या आवाजात त्यांना कळत नाही. ‘कदलकंडी’ आणि ‘अलुगाडबेडी’ हे दोन शब्द पाठ करा. माझ्या टेक्निशियननी केले, आणि परत घ्याव्या लागणाऱ्या सिक्वेन्समध्ये फरक पडलेला मी डोळ्यांनी बघितला.

मालकांशी बोलताना हे सांगा की २० चे ८ झाले म्हणून पेशंट अडीचपट होत नाहीत. कपडे बदलणं, धातूची तपासणी, कॉइल लावणं याला पूर्वीइतकाच वेळ लागतो. वाचलेल्या १२ मिनिटांतली ४ मला द्या असं मी आमच्या मालकांकडे मागून घेतलं. त्यात एक सिक्वेन्स पातळ स्लाइसचा घेतो किंवा हललेला परत घेतो. उरलेल्या ८ मिनिटांत त्यांचे पेशंट वाढले, आणि तक्रार कोणाचीच राहिली नाही.

थोडक्यात, गुडघा आणि कंबर दुपटीपासून सुरू करा, जोडीने वाचून बघा, मग चौपटीकडे जा. मेंदूचं मॅडमना विचारल्याशिवाय बदलू नका.

आणखी एक, हे तुमच्याच हातातलं आहे. कॉइलचा एखादा तुकडा बंद पडला तर पूर्वी फोटोचा तो भाग दाणेदार होऊन लगेच कळायचं. नवी पद्धत ते दाणे पुसते, त्यामुळे बिघाड कित्येक दिवस लपून राहू शकतो. दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी फँटम (पेशंटऐवजी स्कॅन करायचा चाचणीचा नमुना) लावा, डीप लर्निंग आणि पॅरलल इमेजिंग दोन्ही बंद ठेवा, लागोपाठ दोन फोटो घ्या, एकातून दुसरा वजा करा आणि उरलेल्या फोटोवरून नॉइज मोजा. बाहेरच्या काळ्या हवेत चौकोन टाकून नॉइज मोजायची जुनी पद्धत पॅरलल इमेजिंगच्या फोटोंवर चालत नाही, कारण तिथे नॉइज जागेनुसार बदलतो. आकडा तारखेसह वहीत लिहा, आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली की त्याच पानावर नोंद करा.